कापसाच्या पेठा ते संगणकनगरे : तंत्रज्ञानाच्या स्थाननिष्ठ केंद्रीकरणाचा वऱ्हाडच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानावर आधारित नवे उद्योग, म्हणजे ज्यांना आज सर्वत्र ‘स्टार्टअप’ म्हटले जाते ते, देशभर सारख्या प्रमाणात पसरलेले नाहीत. ते बंगळूर, पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्लीचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी दाटीने एकवटलेले दिसतात. संगणक आणि दूरसंचार यांमुळे अंतर नाहीसे झाले, कोणतेही काम कोठूनही करता येते, असे म्हटले जात असतानाच हे केंद्रीकरण वाढत गेले ही यातील विसंगती होय. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्रत्येकास या विसंगतीचा अनुभव आहे. अभियांत्रिकीची पदवी मिळालेला विद्यार्थी आठवड्याच्या आत पुण्याच्या गाडीत बसतो. तो का जातो, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तेथे नोकऱ्या आहेत हे त्याचे उत्तर आपल्याला पुरेसे वाटते. परंतु नोकऱ्या तेथेच का आहेत, हा त्याच्या पुढचा प्रश्न शिल्लक राहतो.

हा प्रश्न अर्थशास्त्राचा व व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. तथापि वऱ्हाडच्या दृष्टीने तो इतिहासाचाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या काळचे अत्यंत आधुनिक तंत्रज्ञान, म्हणजे वाफेवर चालणारे सरकी काढण्याचे यंत्र, गाठी बांधणारे दाबयंत्र, आगगाडी आणि तारायंत्र, याच प्रदेशातील थोड्या गावांत एकवटले होते. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा व मूर्तिजापूर ही त्या काळची तंत्रज्ञान-केंद्रे होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या केंद्रीकरणातून पुढची पायरी का निर्माण झाली नाही, याचे उत्तर शोधल्याशिवाय आजच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, वऱ्हाडातील कापूस-उद्योगाचे केंद्रीकरण विशिष्ट गावांतच का झाले ते पाहणे. दुसरे, त्या केंद्रांमधून यंत्रनिर्मिती व इतर उद्योग का वाढले नाहीत याची कारणमीमांसा करणे. तिसरे, पुणे व बंगळूर येथील संगणक-उद्योगाशी तुलना करून आजच्या वऱ्हाडसाठी काही निष्कर्ष काढणे. लेखाची पद्धती ऐतिहासिक व तुलनात्मक आहे.

केंद्रीकरणाच्या उपपत्ती

उद्योग एका जागी का जमतात याविषयीचे सर्वांत प्रभावी विवेचन इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात केले. त्याच्या विवेचनाचा सारांश तीन मुद्द्यांत सांगता येतो. एक, कुशल कामगारास अनेक मालक आणि मालकास अनेक कुशल कामगार एकाच ठिकाणी मिळतात. दोन, मुख्य उद्योगाला लागणारे सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक यांचे पूरक व्यवसाय भोवती उभे राहतात. तीन, धंद्यातील ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही. ते त्या गावाच्या नित्य व्यवहारात मुरते आणि पुढची पिढी ते न शिकविताच शिकते.

जर्मन विचारवंत आल्फ्रेड वेबर याने १९०९ मध्ये वेगळ्या दिशेने विचार केला. प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन पुष्कळ घटते, त्याचा कारखाना मालाच्या उगमाजवळ असावा. ज्याचे वजन घटत नाही, त्याचा कारखाना बाजारपेठेजवळ गेला तरी चालतो. १९९४ मध्ये ॲनाली सॅक्सेनियन या अभ्यासिकेने अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनजवळचा ‘रूट १२८’ हा परिसर यांची तुलना करून आणखी एक मुद्दा मांडला. दोन्हीकडे उत्तम विद्यापीठे होती, दोन्हीकडे पैसा होता. परंतु बॉस्टनकडील कंपन्या आपापल्या भिंतींच्या आत बंदिस्त राहिल्या, तर कॅलिफोर्नियात माणसे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत सहज जात राहिली व ज्ञानही त्यांच्याबरोबर फिरत राहिले. १९५७ मध्ये आठ तंत्रज्ञांनी विल्यम शॉकली याची प्रयोगशाळा सोडून ‘फेअरचाइल्ड’ कंपनी उभारली आणि १९६८ मध्ये त्यांच्यातील दोघांनी ती सोडून ‘इंटेल’ स्थापन केली, हे या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण होय.

या उपपत्ती परस्परविरोधी नाहीत. वेबर उद्योग पहिल्यांदा कोठे येतो ते सांगतो, मार्शल तो तेथे का टिकतो ते सांगतो आणि सॅक्सेनियन त्यातून नवे उद्योग का जन्मतात किंवा जन्मत नाहीत ते सांगते. वऱ्हाडचा इतिहास या तीन प्रश्नांच्या आधारे तपासून पाहता येतो.

रेल्वेपूर्व वऱ्हाड

वऱ्हाडच्या कापसाचा व्यापार इंग्रजांनी निर्माण केला नाही. रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर लादून उत्तरेकडे मिर्झापूरला व तेथून पुढे गंगेच्या मार्गाने जात असे. १८४२ मध्ये अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्याकडे पाठविल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. हा आकडा फुगविलेला आहे असे मानले तरी अमरावतीच्या पेठेची ऐपत त्यातून कळते. पुढे मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत मध्य भारतातील कापसाच्या एका मोठ्या वर्गास ‘उमरा’ हे नाव पडले, तेही अमरावतीवरूनच.

१८५३ मध्ये निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत होता. १८६७ मध्ये तो नागपूरपर्यंत पोहोचला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. आठ-दहा वर्षांच्या अवधीत वऱ्हाडचे शेत लँकेशायरच्या गिरणीशी थेट जोडले गेले.

रेल्वे आणि पेठांचे भवितव्य

रेल्वेचा मुख्य मार्ग जुन्या पेठांना विचारून आखलेला नव्हता. अकोला व मूर्तिजापूर मार्गावर आली. अमरावती बडनेऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटर बाजूला राहिली. खामगाव जलंबपासून सुमारे तेरा किलोमीटरवर राहिले. लाडांचे कारंजे तर फारच दूर पडले. केवळ वाहतूक हेच केंद्रीकरणाचे कारण असते, तर अमरावती व खामगाव येथील व्यापार बडनेरा व जलंब येथे सरकायला हवा होता. तसे झाले नाही. उलट या दोन पेठांसाठी रेल्वेलाच शाखा काढाव्या लागल्या. खामगावची शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली आणि अमरावतीची १८७१ मध्ये. बडनेरा व जलंब ही जंक्शनेच राहिली. कारंज्याला मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंदमापी मार्ग होईपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर व्यापाराचा मोठा ओघ इतरत्र वळला होता.

या घटनांचा अर्थ दुहेरी आहे. पेठेत आधीपासून जमलेली माणसे, पत व परिचय यांना इतके महत्त्व होते की लोहमार्ग त्यांच्याकडे वळवावा लागला. परंतु मार्ग फार दूर राहिला तर जुनी प्रतिष्ठाही पेठेला वाचवू शकत नाही. वाहतूक ही आवश्यक अट होती, पुरेशी नव्हती.

तारायंत्राच्या बाबतीत हेच अधिक स्पष्ट दिसते. लिव्हरपूलचा भाव तारेने मुंबईत व मुंबईतून वऱ्हाडात काही तासांत कळू लागला. भाव सर्वत्र सारखाच कळत असेल तर व्यापाऱ्याने खामगावातच का बसावे? कारण भाव तारेने पाठविता येतो, कापूस तारेने पाहता येत नाही. धाग्याची लांबी बोटांनी ओढून पाहावी लागते, ओलावा हाताला कळतो, सरकीतील भेसळ डोळ्यांना दिसते. शिवाय समोरच्या अडत्याची पत किती, तो दिलेला शब्द पाळतो की नाही, हे त्या गावात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. ज्या ज्ञानाचे तारेत रूपांतर होऊ शकत नव्हते, त्याची किंमत तारायंत्राने वाढविली आणि ते ज्ञान ज्या पेठांत होते तेथे गर्दी झाली. संगणकाने अंतर मिटविल्यानंतरही नवउद्योग एकाच शहरात का जमतात, याचे उत्तर बहुतांशी येथेच आहे.

जिन-प्रेसचे केंद्रीकरण

कापसातून सरकी काढल्यावर साधारणपणे एक तृतीयांश रुई उरते व बाकी बहुतेक सरकीच असते. म्हणजे शंभर किलो कापूस दूरच्या कारखान्यात नेला तर त्यातील सहासष्ट किलोंची वाहतूक रुईच्या दृष्टीने व्यर्थ जाते. सुटी रुई वजनाने हलकी परंतु आकाराने प्रचंड असते. दाबून गाठ बांधल्याशिवाय तिची लांबची वाहतूक परवडत नाही. वेबरच्या नियमानुसार जिन व प्रेस शेताजवळ, परंतु रेल्वेस्थानकाच्या आवारालगत असणे क्रमप्राप्त होते. अकोला, खामगाव, अमरावती येथे स्थानकाभोवती जिन-प्रेसच्या ज्या रांगा उभ्या राहिल्या त्यांचे हे पहिले कारण होय.

दुसरे कारण मार्शलने सांगितलेले आहे. एक जिन असलेल्या गावात शेतकरी गाडी घेऊन जाण्यास कचरतो, कारण तेथे भाव एकच माणूस ठरवितो. वीस जिन असलेल्या गावात तो जातो. शेतकरी जेथे जातो तेथे खरेदीदार येतो. रॅली ब्रदर्स व फोल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या युरोपीय पेढ्यांचे खरेदी-प्रतिनिधी, मुंबईचे व्यापारी, मारवाडी व कच्छी सावकार, अडते, दलाल, मापारी, हमाल, फिटर, लोहार हे सर्व एकमेकांच्या आधाराने एका जागी स्थिरावले. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या पेठांच्या भरभराटीची साक्ष देते.

तिसरे कारण संस्थात्मक आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दाट पेठेत फसवणुकीची संधीही दाट असते. खोटी वजने, मनमानी कटौती, दोन्हीकडून पैसे घेणारे दलाल यांमुळे शेतकरी व दूरचा खरेदीदार दोघेही नाडले जात. यावर उपाय म्हणून १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातील पहिला नियंत्रित शेतमाल-बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार-समिती, ठरावीक जागा, परवानाधारक दलाल व मापारी ही चौकट त्यातून निर्माण झाली. या समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते व शेतकऱ्यांना त्यांत स्थान नव्हते, हा त्यांचा गंभीर दोष होता. तरीही १९२८ च्या रॉयल कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या व्यवस्थेची दखल घेऊन नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. महाराष्ट्राचा १९६३ चा कृषि उत्पन्न बाजार समिती कायदा हा त्याच परंपरेतील आहे.

वऱ्हाडातील यंत्रे परदेशी होती, भांडवल बहुतांशी बाहेरचे होते, गिऱ्हाईकही बाहेरचे होते. परंतु अनोळखी माणसांमधील व्यवहार विश्वसनीय करणारी ही व्यवस्था वऱ्हाडच्या मातीत घडली आणि येथून देशभर गेली. या प्रदेशाने निर्यात केलेले सर्वांत टिकाऊ उत्पादन रुई नसून बाजार-समिती हे होय.

पुढची पायरी का आली नाही?

जिन-प्रेसमधून सूतगिरणी, सूतगिरणीतून यंत्रदुरुस्ती, दुरुस्तीतून यंत्रनिर्मिती असा क्रम अन्यत्र घडला. कोइमतूर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे १८८८ मध्ये पहिली गिरणी निघाली. पुढे शेती करणाऱ्या कुटुंबांनीच गिरण्यांत भांडवल घातले. १९३० च्या दशकात पैकारा प्रकल्पाची वीज आली. विहिरींवरच्या पंपांची मागणी वाढली. जी. डी. नायडू यांच्यासारख्या उद्योजकांनी विजेच्या मोटारी बनविल्या आणि १९६२ मध्ये तेथे वस्त्रोद्योगाची यंत्रे बनविणारा मोठा कारखाना निघाला. कोइमतूरच्या भोवतीही काळी जमीन व कापूसच होता. मग वऱ्हाडात हे का घडले नाही?

याची चार कारणे संभवतात.

पहिले कारण मालकीचे आहे. जिन-प्रेसचा नफा हंगाम संपताच मुंबई किंवा मारवाड येथे जाई. लॉर्ड मेयोंच्या काळापासून शासनाचे धोरणही रुई लवकरात लवकर बंदरावर पोहोचावी एवढ्यापुरतेच होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, कापसाने समृद्ध म्हणविल्या जाणाऱ्या या प्रदेशात लोक अन्नावाचून मेले, हे या व्यवस्थेचे सर्वांत कठोर मूल्यमापन आहे. गाठी बाहेर नेणारी आगगाडी होती, परंतु धान्य विकत घेण्याची ताकद मजुराच्या हाती उरलेली नव्हती.

दुसरे कारण हंगामाचे आहे. जिन वर्षातून काही महिनेच चाले. कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती व त्या शेतमजुरीकडून जिनकडे आणि जिनकडून शेतमजुरीकडे जात-येत असत. वर्षभर एकाच यंत्रापाशी राहणारा, त्यातील दोष ओळखणारा व सुधारणा सुचविणारा कारागीर-वर्ग अशा परिस्थितीत फारच लहान राहिला. यंत्र लँकेशायरहून येई, सुटा भागही तेथूनच येई. मार्शलने सांगितलेले वातावरणात मुरणारे ज्ञान मुरण्यास बारमाही वस्ती लागते.

तिसरे कारण स्पर्धेच्या अभावाचे आहे. कापसाच्या तेजीत आवश्यकतेपेक्षा अधिक जिन उभे राहिले. तेव्हा मालकांनी आपसांत ‘पूल’ केले. दर संगनमताने ठरत, काही जिन मुद्दाम बंद ठेवले जात आणि बंद जिनच्या मालकालाही नफ्याचा वाटा मिळे. यंत्र न चालविताच पैसा मिळत असेल तर यंत्र सुधारण्याची प्रेरणा कशी निर्माण होणार? १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीचा कायदा झाला तरी या प्रवृत्तीचा पाया हलला नाही. एका जागी जमणे म्हणजे सहकार्याने शिकणे असा अर्थ नेहमीच होत नाही. एका जागी जमल्याने कट करणेही सोपे जाते.

चौथे कारण गुणवत्तेच्या मापनाचे आहे. ‘बनी’ हा वऱ्हाडचा लांब धाग्याचा जुना कापूस होता. त्याच्या जागी आखूड व जाड धाग्याचा, परंतु रुईचा उतारा अधिक देणारा ‘जरी’ कापूस आला. पेठेत धाग्याच्या लांबीला वेगळा भाव मिळत नव्हता, उताऱ्याला मिळत होता. त्यामुळे शेतकऱ्याची निवड त्याच्या दृष्टीने योग्यच होती. मात्र उत्तम सुताच्या गिरण्यांना लागणारा कच्चा माल येथून हळूहळू नाहीसा झाला.

हे सर्व अटळ होते असे मानण्याचे कारण नाही. जमशेटजी टाटा यांनी मुंबईच्या गिरण्यांची गर्दी टाळून १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे ‘एम्प्रेस मिल’ सुरू केली. कापूस जवळ आणि रेल्वे हाताशी हा त्यांचा हिशेब होता. त्या गिरणीने रिंग-चात्यांसारखे नवे तंत्र देशात फार लवकर वापरून पाहिले. रुईचे सूत होताना वजन फारसे घटत नाही, त्यामुळे वेबरच्या नियमाने गिरणी मुंबईतही चालली असती व वऱ्हाडातही. म्हणजे निवड भूगोलाने केली नाही, माणसांनी केली. अकोल्यातही पुढे सावतराम रामप्रसाद मिल व मोहोता मिल निघाल्या, अचलपूरला विदर्भ मिल निघाली. परंतु त्या सुट्या बेटांसारख्या राहिल्या. त्यांच्याभोवती पूरक उद्योगांचे जाळे विणले गेले नाही. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात त्या शासनाकडे गेल्या व कालांतराने बंद पडल्या. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने शेतकऱ्याला काही काळ भावाचा आधार दिला. पण खरेदीदार एकच उरल्यामुळे पेठेतील चढाओढ व पारख यांचे महत्त्वही त्या काळात ओसरले.

पुणे व बंगळूर : तुलना

‘इन्फोसिस’ ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. तेथे तिला मायको हा महत्त्वाचा ग्राहक मिळाला होता. महाराष्ट्रात जन्मलेली कंपनी कर्नाटकात का गेली, ही खंत आपल्याकडे अधूनमधून व्यक्त होते. परंतु बंगळूरच्या आकर्षणाचा पाया फार जुना होता. १९०९ ची भारतीय विज्ञान संस्था, १९४० चा विमान-कारखाना, १९४८ ची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५४ ची भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी तेथे दोन पिढ्यांचा तंत्रज्ञ-वर्ग घडविला होता. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळूरला आली तेव्हा ती रिकाम्या माळावर आली नाही.

पुण्याने इन्फोसिस गमावली, तरी पुणे संगणक-उद्योगाचे मोठे केंद्र झाले. १८५४ पासूनची अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा, किर्लोस्कर, बजाज, टेल्को यांच्याभोवती वाढलेले शेकडो लहान कारखाने, १९८१ चे टाटा संशोधन केंद्र, १९८८ ची सी-डॅक ही त्याची पूर्वतयारी होती. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी सुरू केलेली ‘पर्सिस्टंट’ पुण्यातच राहिली व वाढली. एक कंपनी गेल्याने केंद्र मोडत नाही आणि एक कंपनी आणल्याने केंद्र होत नाही, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसते.

यासंदर्भात एक घटना विशेष बोलकी आहे. १९९० च्या सुमारास केंद्र शासनाने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना सुरू केली तेव्हा पहिल्या तीन ठिकाणांत बंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर यांचा समावेश होता. उपग्रह-संपर्क, करसवलती, इमारत या सुविधा तिन्ही शहरांना मिळाल्या. पुढील दशकात बंगळूर व पुणे कितीतरी पुढे निघून गेले. सुविधा सारख्या होत्या, शहरांत आधीपासून साठलेले कौशल्य सारखे नव्हते. बडनेऱ्याला रेल्वे मिळाली आणि पेठ अमरावतीतच राहिली, त्याच प्रकारची ही घटना आहे.

आजचे वऱ्हाड

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२२ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. तो अमरावती, वाशीम व बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. अकोला जिल्हा मात्र बाजूला राहिला आहे. २०२३ मध्ये अमरावतीसाठी केंद्र शासनाचे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क जाहीर झाले व सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. राज्याचे नवउद्योगविषयक धोरण २०१८ पासून आहे. या प्रयत्नांचे स्वागतच करावयास हवे. तथापि रस्ता, जमीन व सवलत ही शाखारेल्वेची आधुनिक रूपे आहेत. ती पेठेपर्यंत माल व माणसे आणतात, पेठ निर्माण करीत नाहीत.

पेठ निर्माण करणाऱ्या गोष्टींपैकी काही आपल्याकडे आहेत. १९६४ चे अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६९ चे अकोल्याचे कृषि विद्यापीठ, १९८३ चे अमरावती विद्यापीठ आणि त्याच वर्षीचे शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी शिक्षित माणसे घडविली. अकोला हे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळ गिरणी खेडोपाडी पोहोचली आहे. विद्यापीठातील संशोधक, स्थानिक कारागीर व स्थानिक कच्चा माल यांचा मेळ बसला की काय होते, याचा हा छोटा परंतु खरा दाखला आहे. खामगावची चांदीची पेठही लक्षणीय आहे. चांदीची खाण जवळपास कोठेही नसताना केवळ शुद्धतेच्या लौकिकावर ती देशात नावारूपाला आली.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की प्रत्येक जिल्ह्याने तंत्रज्ञान-केंद्र होण्याचा अट्टाहास का धरावा? आक्षेप रास्त आहे. अकोल्याने पुण्याची लहान प्रतिकृती होऊ नये. परंतु कापसाची प्रत, मातीतील ओल, डाळीची साठवण, बाजारातील पारख हे प्रश्न ज्या ज्ञानाने सुटतील, ते ज्ञान या प्रदेशात राहूनच मिळण्यासारखे आहे. पुण्यात बसून कापूस बोटांनी ओढून पाहता येत नाही. ज्या नवउद्योगांना असे ज्ञान लागते, त्यांच्यासाठी येथील पेठांचे स्थान आजही अनुकूल आहे.

निष्कर्ष

१. वाहतूक व दळणवळण ही उद्योगांच्या केंद्रीकरणाची आवश्यक अट आहे, पुरेसे कारण नव्हे. बडनेरा व जलंब, तसेच भुवनेश्वर यांची उदाहरणे हे दर्शवितात.

२. दळणवळण सुलभ झाल्याने केंद्रीकरण कमी होईलच असे नाही. जे ज्ञान दूर पाठविता येत नाही त्याचे मोल वाढते व ते जेथे आहे तेथे उद्योग जमतात.

३. वऱ्हाडचे कापूस-केंद्रीकरण नवनिर्मितीकडे वळले नाही. नफा बाहेर जाणे, काम हंगामी असणे, मालकांचे संगनमत आणि गुणवत्तेला भाव नसणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

४. व्यवहारात विश्वास निर्माण करणारी संस्था हा केंद्रीकरणाचा कणा असतो. कारंज्याचा बाजार हे वऱ्हाडचे या क्षेत्रातील मौलिक योगदान आहे.

५. शासनाने द्यावयाच्या सुविधांइतकेच महत्त्व कुशल माणसास वर्षभर, एकाहून अधिक ठिकाणी, एकाच प्रदेशात काम मिळण्याला आहे.

शेवटच्या निष्कर्षात महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. आपण शिकविलेला विद्यार्थी पुण्याला जातो याचे दुःख करण्यापेक्षा, त्याने येथे राहून ज्याचा अभ्यास करावा असा स्थानिक प्रश्न आपण त्याच्यापुढे ठेवला होता काय, हे तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. जिनच्या फिटरला हंगाम संपल्यावर या गावांत काम उरत नसे, म्हणून त्याचे कौशल्य येथे मुरले नाही. आपल्या पदवीधरांची स्थिती आज तीच आहे. फरक एवढाच की त्यांचा हंगाम अंतिम परीक्षेच्या निकालाबरोबर संपतो.